आनंद आढळला नाही

माझ्या कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर माझा मानेपासून वरचा फोटो आणि शेजारी इंग्रजीत पाच ओळी आहेत. मराठीत सांगायचं तर: आत्मविश्वास मध्यम, उत्साह कमी, कंटाळा जास्त, आपुलकी कमी, आनंद आढळला नाही. रोज सकाळी कामावर निघताना ओढणीसाठी दार उघडते, तेव्हा हा कागद वाचते. दिवस छान जातो.

तो कागद आला त्या दिवशी मात्र मी उशीत तोंड खुपसून रडले होते. रत्नागिरीच्या कॉलेजात चार वर्षं मासळीचं शास्त्र शिकले, आणि शिकून झाल्यावर मला एकच नोकरी हवी होती. मासळी परदेशी पाठवणाऱ्या एका कंपनीला खरेदी अधिकारी हवा होता. हर्णै, दाभोळ, मिरकरवाडा अशा बंदरांवर उभं राहायचं, माल पारखायचा, लिलावात बोली लावून घ्यायचा. मी हर्णैच्या पुळणीवरच वाढलेली. ही नोकरी मिळाली नाही तर मुंबईला मामाच्या ओळखीने एका विमा कार्यालयात बसायचं ठरलं होतं. तिथे मासळीचा वाससुद्धा नसता आला.

मुलाखतीची पहिली फेरी माणसाने घेतलीच नाही. लॅपटॉपसमोर बसायचं, पडद्यावर येईल त्या प्रश्नाला उत्तर द्यायचं. तुमचे डोळे, भुवया, ओठ कसे हलतात ते कॉम्प्युटर बघतो आणि मनात काय चाललंय त्याचे गुण देतो. माशाचे कल्ले कसे तपासावेत, बर्फ किती, डोळा कधी धुरकट होतो, सगळं मी बिनचूक सांगितलं. उत्तरांबद्दल अहवालात अवाक्षर नव्हतं. तोंडाबद्दल पाच ओळी होत्या. माझ्या वर्गातली एक मैत्रीण पापलेट आणि हलवा यांतला फरक विचारून घेणारी, पण बत्तीशी दाखवत बसली, ती पुढच्या फेरीत गेली.

आता माझं तोंड असं का, ते सांगायला हवं. त्यात मशीनचा दोष नाही, आमच्या आयेचा आहे.

हर्णैला संध्याकाळी होड्या लागल्या की पुळणीवर मासळीचे ढीग पडतात आणि भोवती बायकांचं कोंडाळं होतं. लिलाव पुकारणारा माशाकडे बघतच नाही, तो बायकांच्या तोंडाकडे बघतो. एखादीच्या डोळ्यांत जरा चमक दिसली की याचा आवाज चढला, आवाज चढला की भाव चढला. म्हणून जिला जो ढीग हवा, ती त्याच्याकडे सवतीच्या पोराकडे बघावं तशी बघते. मी सहा वर्षांची असताना मोठी सुरमई बघून टाळ्या पिटल्या होत्या. आयेने तिथेच पाठीत धपाटा घातला. "म्हावरा पाटीत पडेपर्यंत हसायचा नाय," ती म्हणाली. तो धपाटा जन्माला पुरला.

पण आयेची एक खूण होती. ढीग मनात भरला की तिच्या उजव्या पायाचा अंगठा ओल्या वाळूत रुतायला लागायचा. तोंड कोरडं ठणठणीत, कमरेवर हात, आणि खाली अंगठा खड्डा खणतोय. अंगठा थांबला, की समजायचं, आता ती आणखी बोली वाढवणार नाही. मी लहानपणापासून तिच्यामागे पाटी घेऊन उभी असायचे, म्हणून मला ठाऊक. तिला स्वतःला ठाऊक असेल असं वाटत नाही.

तर अहवाल आल्यावर मी काय केलं? फोनचा कॅमेरा लावून हसण्याची तालीम करायला बसले. तिसऱ्या दिवशी आयेने पकडलं.

"येडी झालीस काय गो? कुणाला दात दाखवतेस?"

मी सगळं सांगितलं. कॉम्प्युटर तोंड बघून मनातलं ओळखतो, मला बोली लावायच्या नोकरीसाठी नापास केलंय, आता हसायला शिकतेय. आये सुकट निवडत होती. तिने मान वर केली.

"बोली लावायला त्यांना हसणारी बाय हवीय?"

"हो."

"मग त्यांचा दिवाळा निघेल," ती म्हणाली आणि परत सुकट निवडायला लागली.

मी ताडकन उठले. इतकी साधी गोष्ट मला चार वर्षं शिकून सुचली नव्हती, याचा मला अजूनही राग येतो. त्याच संध्याकाळी कंपनीला पत्र लिहिलं. विनंती वगैरे केली नाही. लिहिलं, की तुमच्या मशीनला माझ्या तोंडावरून काही कळलं नाही, तसंच लिलाववाल्यालाही कळणार नाही. तुम्हाला असाच माणूस हवा असेल तर हर्णैला या.

आठ दिवसांनी खरेदी विभागाच्या मॅडम खरंच आल्या. देशावरच्या, पायात पांढरेशुभ्र बूट. बोलायला मोकळ्या होत्या. त्यांच्या फोनमध्ये तेच मशीन होतं. म्हाकुळाचा, म्हणजे स्क्विडचा, एक भलामोठा ढीग पडला होता, ताजा, चकचकीत. त्यांनी फोन बायकांवर फिरवला आणि मला हळूच म्हणाल्या, "हे सांगतंय की पिवळ्या लुगड्यातल्या बाईंना तो फार हवाय. हिरव्या लुगड्यातल्या बाई कंटाळल्यात, त्यांना घरी जायचंय."

"पिवळी दोन बोलीत सुटेल," मी म्हटलं. "हिरवी शेवटपर्यंत जाईल."

"मग तुम्ही हा ढीग आमच्यासाठी घेऊन दाखवा."

मी खाली वाळूकडे बघितलं. हिरव्या लुगड्यात आये होती, आणि तिचा अंगठा वाळूत दोन बोटं रुतला होता.

लिलाव सुरू झाला. पिवळी दोन बोलीत सुटली. बाकीच्याही एकेक करून गप्प झाल्या. उरलो आम्ही दोघी. आयेने माझ्याकडे एकदा बघितलं. पोटची पोर आपल्याच ढिगावर बोली लावतेय हे बघून कुठल्याही बाईने शिव्या घातल्या असत्या. तिने बोली वाढवली. मी वाढवली. तिने वाढवली. लिलाव पुकारणारा मला पाळण्यात असल्यापासून ओळखतो. तो एकदा तिच्या तोंडाकडे बघे, एकदा माझ्या, आणि त्याला काडीचं काही हाती लागेना. मी कुणाच्याच तोंडाकडे बघत नव्हते. मी वाळूकडे बघत होते.

अंगठा थांबला.

मी एक बोली वाढवली. आये गप्प राहिली. ढीग माझा झाला.

मॅडमनी फोन माझ्यासमोर धरला. उत्साह कमी, कंटाळा जास्त. त्यांना हसू आवरेना. म्हणाल्या, "आमचा माणूस ह्याहून हलका माल रोज ह्याहून चढ्या भावाने घेतो. काउंटरवर बसवायच्या माणसांसाठी हे मशीन ठेवू, खरेदीसाठी बंद. सोमवारी कागदपत्रं घेऊन या." मग विचारलं, "पण त्या बाई शेवटपर्यंत जाणार हे तुम्हाला कसं कळलं?"

"त्या माझी आई," मी म्हटलं. बाकीचं सांगितलं नाही. धंद्यातली गोष्ट सांगायची नसते. आज पहिल्यांदाच लिहितेय, कारण आयेने आता गुडघ्यांमुळे लिलावाला जाणं सोडलंय.

मॅडम माल बघायला वाकल्या आणि आये माझ्यासमोर येऊन उभी राहिली. कमरेवर हात, तोंड दगडासारखं. मशीनने काय, यमदूतानेही ओळखलं नसतं. मला वाटलं, आता दुसरा धपाटा बसतोय.

"लागली काय गो नोकरी?"

"लागली."

मी सवयीने खाली बघितलं. अंगठा पुन्हा वाळू खणत होता, पार मुळापर्यंत रुतला होता. तिच्यासमोर ढीग नव्हता. समोर मीच होते. माझे डोळे भरून आले, पण तोंड मी हलू दिलं नाही, इतकी वर्षांची सवय.

"आता कशाला थोबाड धरून उभी?" आये म्हणाली. "हस की गो बाय. पडला पाटीत!"

मी हसले. सहा वर्षांची असताना राहिलेलं सगळं हसले, टाळ्यासुद्धा पिटल्या. लिलाव पुकारणाऱ्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि त्या मेल्याने पुढच्या ढिगाचा भाव लगेच चढवला.