गाडीचं साल आणि अकरावं रीळ

गेल्या माघातल्या एका रविवारी, दुपारी पावणेपाचच्या सुमारास, कुंडलच्या एका वाचनालयात पन्नास-साठ माणसांनी एका जुन्या सिनेमातला दहा मिनिटांचा भाग पहिल्यांदा पाहिला. सिनेमा सगळ्यांच्या ओळखीचा होता. बहुतेकांनी तो तरुणपणी पलूसच्या थिएटरात दोनदा-तीनदा पाहिलेला होता. मीही त्यांच्यातलीच. हा भाग मात्र आमच्यापैकी एकालाच माहीत होता, आणि त्याच्यावर गावानं कधी विश्वास ठेवला नव्हता.

तो भाग ज्यानं आमच्यापासून दूर ठेवला, तो माणूस पहिल्या रांगेत सत्कारमूर्तीच्या खुर्चीत बसला होता. तो माझा सख्खा मामा. पलूसच्या त्या थिएटरात तो मशीनवर सिनेमा चालवणारा ऑपरेटर होता.

सुरुवात दिवाळीनंतर झाली. एका पुरवणीत जाणकारांनी सिनेमाच्या इतिहासातलं सर्वोत्तम साल निवडलं होतं. वाचनालयात ते मोठ्यानं वाचलं गेलं. एका शेतकऱ्यानं विचारलं, "त्या साली आमी एक बी शिनेमा बघितला न्हाई. मग ते भारी कसं?" त्यावर ग्रंथपालबाईंनी ठरवलं की कुंडलनं स्वतःचं साल निवडावं. चर्चा करून तीन सालं उरवायची, प्रत्येकातला एक सिनेमा रविवारी दाखवायचा, शेवटच्या रविवारी चिठ्ठ्या टाकायच्या.

फळ्यावर आकडे लिहिले होते, पण बोलताना आकडा कुणी घेत नसे. एक टीव्हीचं साल, म्हणजे गावात पहिला टीव्ही आला ते. एक लाइटीचं. तिसरं गाडीचं साल. पलूसहून कुंडलला रात्रीची शेवटची एसटी सुरू झाली ते. त्याआधी सहाचा खेळ बघायचा तर सायकल लागे, म्हणजे पुरुषांनीच बघायचा. गाडी सुरू झाली आणि कुंडलच्या बायका पहिल्यांदा सहाचा खेळ बघून रात्री घरी येऊ लागल्या. माझी आई त्यांत होती. तिच्याबरोबर मी जात असे.

गाडीच्या सालातला सगळ्यात गाजलेला सिनेमा दोन भावांचा होता. थोरला भाऊ धाकट्याला जेवणाच्या पंक्तीतून उठवतो आणि घराबाहेर काढतो. शेवटी थोरला मरतो, आणि धाकटा त्याच्या पायांवर डोकं ठेवून रडतो. का रडतो, ते कळत नाही. कुंडलनं त्याचा अर्थ लावून टाकला होता. धाकटा देवमाणूस, थोरला राक्षस. वाटणीत बांध कोरणाऱ्या भावाला गावात अजूनही त्या थोरल्याच्या नावानं हाक मारतात.

माझं छापून आलेलं पहिलं लेखन याच सिनेमावर आहे. तेव्हा मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. सांगलीच्या एका दैनिकानं ते रविवारी छापलं. 'थोरल्याच्या क्रौर्याचं कारण न सांगण्याचं धाडस दिग्दर्शकानं केलं आहे,' असं एक वाक्य त्यात होतं. पुढं मला वर्तमानपत्रात नोकरी मिळाली ती हे कात्रण दाखवून. साताऱ्याच्या कचेरीतून निवृत्त होईपर्यंत, स्वतः तपासल्याशिवाय ओळ सोडू नका, असं मी नव्यांना सांगत आले.

गावात एकच माणूस वेगळं सांगायचा. ते फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार. त्यांनी हा सिनेमा छावणीत, उघड्यावर, जमिनीवर बसून पाहिला होता. त्यांचं म्हणणं असं, की मध्ये थोरला आपल्या बायकोला सगळं सांगतो. धाकट्यावर खुनाचा आळ येणार असतो. तो घरात सापडू नये म्हणून थोरला त्याला बाहेर काढतो आणि आळ स्वतःच्या अंगावर घेतो.

पारावर लोक हसत.

"आवं सुभेदार, तुमच्या पलटणीला येगळा शिनेमा दावत हुते काय?"

"त्या दिवशी रमचा कोटा जरा जास्त मिळाला आसंल, गड्या."

पलूसचे काही लोकही सुभेदारांसारखंच सांगत. ते तीनचा खेळ बघणारे. पण पलूसचं कुंडलनं कधी ऐकलेलं नाही. पुढं सुभेदारांनी तो विषय सोडून दिला. वाचनालयात सिनेमाचं बोलणं निघालं की ते पेपरची घडी घालून उठत. हे मी स्वतः अनेकदा पाहिलं आहे. हसणाऱ्यांत मीही होते.

त्या रविवारच्या तीन आठवडे आधी मामा साताऱ्याला माझ्या घरी आला. वय ऐंशीच्या पुढं. पलूसहून दोन गाड्या बदलून, स्टँडवरून रिक्षा करून आला. याआधी तो या घरी फक्त वास्तुशांतीला आला होता. पाणी पिऊन झाल्यावर त्यानं एकदम विषय काढला.

"पोरी, गाडीचं साल नगं."

"का?"

"टीव्हीचं घ्या. लय चांगलं साल हाय."

"मामा, टीव्ही आला आणि तुझं थिएटर बसलं."

"तरी बी चांगलं हाय."

"मग गाडीच्या सालात काय वाईट आहे?"

"साल ऱ्हाऊ दे. त्यो भावाभावाचा शिनेमा तेवढा लावू नगासा. दुसरा कंचाबी लावा."

"माझं पहिलं लिखाण त्याच्यावर आहे, मामा."

"म्हायती हाय. म्हनून तर तुझ्याकडं आलो."

एवढंच सांगून त्यानं चहा घेतला, जेवायला थांबला नाही, चारच्या गाडीनं गेला. त्याला आणखी एक प्रश्न विचारायला हवा होता. मी विचारला नाही. वय झालं, थिएटरच्या आठवणीनं त्रास होत असेल, असं मी गृहीत धरलं. दुसऱ्या दिवशी ग्रंथपालबाईंना फोन करून भावांचाच सिनेमा दाखवा म्हणून सांगितलं. त्यांनी इंटरनेटवरून त्याची चांगली प्रत मिळवून ठेवलीच होती. ज्यानं आपल्याला हे सिनेमे दाखवले त्या ऑपरेटरचा त्याच दिवशी सत्कार करावा, ही सूचनाही माझीच. मामाला बरं वाटेल, असा माझा अंदाज होता.

रविवारी तीनला सिनेमा सुरू झाला. टेबलावर शाल आणि नारळ. बाई लॅपटॉपशी बसलेल्या. मामा इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत, टोपी घालून पहिल्या रांगेत. सुभेदार मागं दाराजवळ पेपर घेऊन. गाणं लागलं की बायका बरोबर म्हणत होत्या. थोरल्यानं धाकट्याला ताटावरून उठवलं तेव्हा कुणीतरी सवयीनं शिवी दिली आणि लोक हसले.

पाच वाजायला वीस मिनिटं कमी असताना मामा खुर्चीतून उठला आणि बाईंच्या टेबलाशी गेला.

"ताई, हितनं दहा मिंटं पुढं ढकला."

"का हो काका?"

"लोकांस्नी गाडी हाय."

सभागृह हसलं. मागून एक जण म्हणाला, "आपरेटर, आता घरटी मोटारसायकल हाय. दावा निवांत." बाईही हसल्या. त्यांनी काही पुढं ढकललं नाही. मामा थोडा वेळ तिथंच उभा राहिला. मग भिंतीला हात लावत खुर्चीपर्यंत परत आला.

पडद्यावर एक खोली आली. ती आम्ही कधी पाहिलेली नव्हती. थोरला खाटेवर बसलेला, बायको उंबऱ्यात. त्यानं बोलायला सुरुवात केली. खून, आळ, धाकटा, पंक्तीतून का उठवलं, सगळं. सुभेदार सांगत ते तसंच्या तसं, त्याच क्रमानं. दहा मिनिटं तो बोलत होता. माझ्या शेजारच्या बाईनं तोंडापर्यंत नेलेला चहाचा कप तसाच धरून ठेवला होता. सवयीप्रमाणं मी वहीत वेळ टिपली होती, चार त्रेचाळीस. त्याच्यापुढं त्या पानावर काही लिहिलेलं नाही.

सिनेमा शेवटापर्यंत गेला. धाकटा थोरल्याच्या पायांवर डोकं ठेवून रडला. दिवे लागले तरी लोक बसून राहिले. आईबरोबर त्या गाडीनं येणारी एक वयस्क बाई शेवटी बोलली.

"आवं, ह्यो भाग इतकी वर्सं कुठं हुता?"

मामा उभा राहिला. "डब्यात. माझ्या पायापाशी."

"म्हंजे?"

"सोळा रिळं, त्यातलं ह्ये अकरावं. सहाला लावला तर नऊला सुटायचा. गाडी नवाला पाच कमी. तुमी समद्या शेवट न बघता उठून पळायच्या. पुढच्या खेपंला पायरीवर यून मलाच इचारायच्या, दादा, शेवटी काय झालं वं? आठवतंय का?"

"आठवतंय की."

"मग शेवट दावायचा म्हनून मधलं एक रीळ काढाय लागलो. सहाच्या खेळाला तेवढं. तीनला पुरा दावायचो."

"पर हेच का काढलं? ह्याच्यातच तर समदं हाय."

"गाणं काढलं तर खुर्च्या फोडत्यात. मारामारी काढली तर मला फोडत्यात. नुस्तं बोलत बसल्याली रिळं, तीच काढता यायची."

कुणी हसलं नाही. मधल्या रांगेतून एकानं विचारलं, "ह्या एकाच शिनेमाचं काढलं न्हवं?"

मामानं टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाला, "न्हाई."

"मग कितींचं?"

"गाडी हुती तवर, लांब हुते तेवढ्या समद्यांचं."

दोन सालांचे सिनेमे नुकतेच बघून झाले होते, फळ्यावर मतांची तयारी झाली होती, आणि गाडीच्या सालात गावानं जे पाहिलं ते सगळं एकेक रीळ कमी पाहिलं होतं. लोक खुर्च्यांवर वळून एकमेकांकडं बघू लागले. मग एकेकाला आठवू लागलं.

"त्या पोलिसाच्या शिनेमात आई एकदम त्येला माफ करती. मला कवाच कळलं न्हवतं."

"नववं रीळ," मामा म्हणाला. "कोर्टाच्या भायेर दोगं बोलत्यात."

"आन् त्यो डाक्टर? लगीन मोडतुय त्यो?"

"धावं रीळ. पोरीचा बा यून पाया पडतो."

"आंधळी पोरगी हुती, तिचं?"

"त्येचंबी अकरावंच."

प्रत्येक रिळाचा आकडा त्याला पाठ होता. शुक्रवारी सकाळी तो एकटा सिनेमा बघायचा आणि कुठलं काढायचं ते ठरवायचा, हे त्यानं तिथंच सांगितलं. मालकाला माहीत नव्हतं. मामीला माहीत नव्हतं. ज्यांनी कुणाची क्षमा मागितली, ज्यांनी आपण असं का वागलो ते सांगितलं, त्यांना आम्ही बोलताना पाहिलेलं नव्हतं.

"चाळीस वर्सं थोरल्याला शिव्या घातल्या आमी," कुणीतरी म्हणालं.

"थोरल्याचं ऱ्हाऊ द्या," ती वयस्क बाई म्हणाली. "सुभेदारांचं काय?"

सगळे मागं वळले. सुभेदार उभे होते. पेपर खुर्चीवर पडला होता. ते लोकांकडं न बघता मामाशी बोलले.

"तुला म्हायती हुतं."

"व्हय."

"पाराव हसत हुते तवा?"

"तवा बी. कानावर यायचं."

"आन् गप बसलास."

"गप बसलो. नोकरी गेली आसती. पुढं नोकरी बी न्हवती, तरी गप बसलो."

सुभेदारांनी पेपर उचलला, घडी घातली, जागेवर ठेवला आणि बाहेर गेले. त्यांनी चिठ्ठी टाकली नाही.

ग्रंथपालबाईंनी माझ्याकडं पाहिलं. सत्काराची सूचना माझी होती. मी काही बोलायच्या आत मामा म्हणाला, "ऱ्हाऊ द्या ते." शाल त्यानं घेतली नाही. तो निघाला तेव्हा बाईंनी नारळ तेवढा त्याच्या पिशवीत घातला.

मतं त्याच दिवशी घेतली. घ्यावीत की नाही यावर अर्धा तास वाद झाला. एकाचं म्हणणं होतं, की न बघितलेल्या सालाला मत देता येत नाही. "एक रीळ कमी बघितलं, पर म्या बघितलं," असं म्हणून त्या वयस्क बाईनं पहिली चिठ्ठी टाकली. गाडीचं साल निवडून आलं. तीन चिठ्ठ्या कोऱ्या निघाल्या. त्यांतली एक माझी.

माझ्या लेखातलं ते वाक्य चुकीचं होतं. दिग्दर्शकानं कारण दिलेलं होतं. ज्या दैनिकानं ते छापलं ते आता बंद पडलं आहे, त्यामुळं दुरुस्ती तिथं छापता येत नाही.

सोमवारी सकाळी मामा नारळाची पिशवी घेऊन पलूसहून पुन्हा कुंडलला गेला. आठच्या सुमारास तो सुभेदारांच्या ओट्यावर येऊन बसला, असं शेजारच्या दोन घरांनी सांगितलं. दार लावलेलं होतं. मामानं कडी वाजवली नाही. साडेअकराला सुभेदार बाहेर आले. त्यांच्यात काय बोलणं झालं, ते दोघांनीही कुणाला सांगितलेलं नाही. बाराच्या गाडीनं मामा परत गेला. गाडीत चढताना त्याची पिशवी रिकामी होती.