खिडकीवरचं कुंकू

नंदिनी केरकर वाशीच्या एका तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायच्या. बाई आवाजानं मवाळ, पण एकदा हट्टाला पेटल्या की वरिष्ठांनाही घाम फोडायच्या. १९८६ साली त्या पेटल्या एका चिपवरून.

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी मायक्रोकंट्रोलर घ्यायचे होते, म्हणजे प्रोग्रॅम भरून चालवायच्या चिप. विभागप्रमुख रावसाहेबांना प्लास्टिकचे, स्वस्तातले हवे होते. त्यांत प्रोग्रॅम एकदाच भरता येतो. चुकला की चिप कचऱ्यात. "मुलं जपून लिहितील," असं त्यांचं म्हणणं. नंदिनीबाईंना हवी होती पाठीवर काचेची इवलीशी खिडकी असलेली ८७४८ क्रमांकाची चिप. त्या खिडकीवर अतिनील दिवा अर्धा तास धरला की जुना प्रोग्रॅम पुसला जातो, चिप पुन्हा कोरी. पण महाग. "सर, मुलं चुकणारच. चुकली नाहीत तर शिकणार काय डोंबल?" असं बाई बोलून गेल्या आणि मग जीभ चावली. रावसाहेबांनी सही केली, पण बजावलं, "ह्या चालल्या नाहीत, तर पुढच्या वर्षापासून निवड माझी."

बारा चिप आल्या. मुलांनी पहिले प्रोग्रॅम भरले आणि ते अर्थातच चुकले. प्रोजेक्ट होता रस्त्यावरच्या सिग्नलचा, आणि त्याचे लाल-हिरवे दिवे एकदम लागायचे. मध्ये दसऱ्याची सुट्टी झाली. सुट्टीनंतर बाईंनी चिप पुसायला दिव्याखाली ठेवल्या. अर्धा तास झाला, तास झाला, एकही कोरी होईना. दिवा बदलला, तरी तेच. बाईंचा जीव थाऱ्यावर राहिना. आपल्या हट्टापायी मुलांचं वर्ष बुडालं, असंच त्यांना वाटू लागलं. रावसाहेब दारातून दोनदा डोकावून गेले. ते जास्तच लागलं.

शेवटी जळका वास येतो का पाहायला त्यांनी एक चिप नाकाशी धरली. वास आला खोबरेल तेलाचा.

"देवजी!"

देवजी प्रयोगशाळेतले शिपाई, पावणे गावचे. प्रयोगशाळेतल्या यंत्रांवर पोटच्या पोरांसारखी माया करणारे. लगबगीनं आले.

"खंडेनवमीला सगल्या हत्यारांची पूजा केली ना मॅडम, तवा ह्यांना पन कुंकू लावला. मंग तेलान पुसून ठेवलं. तेलाबिगर कुंकू निघत नाय."

डोळ्यांना काच लख्ख दिसत होती, पण तेलाच्या त्या पातळ थरातून दिव्याचा उजेड आत पोचतच नव्हता. बाईंनी कापूस स्पिरिटमध्ये बुडवून बाराही खिडक्या पुसल्या आणि पुन्हा दिवा लावला. अर्ध्या तासानं पहिली चिप तपासली. कोरी! दुसरीही कोरी. बाई स्टुलावर मटकन बसल्या आणि हसतच सुटल्या. कितीतरी दिवसांत त्यांना असं हलकं वाटलं नव्हतं.

देवजींचं तोंड मात्र उतरलं होतं. "चुकलाच माजा, मॅडम. आता सरांना सांगाल?"

"सांगेन ना. चिप छान पुसल्या जातात म्हणून." बाईंनी डोळे टिपले. "चूक पुसता येते म्हणून तर ह्या आणल्या, देवजी. पुढच्या नवमीला कुंकू चिपच्या डब्याला लावा."

देवजींनी घरून आणलेली तेलाची बाटली त्याच संध्याकाळी पावणे गावी परत गेली.