बोटीच्या गाड्यावरची पेटी

बोटीच्या गाड्यावर पेटी बसवायचं काम माझ्याकडे आलं तेव्हाच माझं डोकं फिरलं होतं. काम अवघड नव्हतं. फौजेत असताना याहून मोठ्या पेट्या केल्या होत्या, आणि आता सांगलीजवळच्या आमच्या गावात माझं वेल्डिंगचं दुकान आहे. डोकं फिरलं ते मीटिंगमुळे.

आमचं गाव कृष्णेच्या काठाला. महापुरानंतर गावाला इंजिनची बोट मिळाली, ती ट्रॅक्टरनं ओढायला गाडाही मिळाला. वल्ही, जॅकेटं, दोर आणि इंजिनची पेट्रोलची नळी ठेवायला गाड्याच्या दांडीवर पत्र्याची पेटी करायचं ठरलं. माझं घर मळ्यात, नदीच्या अंगाला. पाणी वाढलं की पहिलं आमच्याच उंबऱ्याला लागतं. आईच्या अंगावरून वारं गेलेलं, तिला उचलूनच न्यावं लागतं. म्हणून पेटीला नुसती कडी असावी, कुणालाही उघडता यावी, एवढंच मी मीटिंगमध्ये मांडलं.

माझ्या चुलतभावानं ते हाणून पाडलं. तो गावातल्या एका गटाचा पुढारी. बांधाच्या भांडणापासून आमचं बोलणं बंदच होतं, पण चारचौघांत त्याला कंठ फुटतो.

"देवळातल्या दानपेटीला दोन कुलपं हायती, तशीच हिला बी. एक किल्ली आमच्याकडं, एक त्यांच्याकडं. मग कुनाचा कुनावर संशय न्हाई."

"दानपेटी सवडीनं उघडत्यात," मी म्हणालो. "ही पानी आल्यावर उघडायची हाय."

एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे दोन्ही गट त्या दिवशी लगेच एक झाले. दोन कुलपं मंजूर! मी दातओठ खात पेटी केली. अँगलची चौकट, जाड पत्रा, झाकणाच्या कडेला रबर. माणसं नालायक म्हणून वेल्डिंग कच्चं सोडायची मला सवय नाही. चुलतभावानं नारळ फोडला आणि पेटीवर हात ठेवून फोटो काढून घेतला.

पुढच्या श्रावणात धरणातून पाणी सोडलं. सकाळी मी दुकानातलं सामान वर चढवत होतो, तेवढ्यात बायकोचा फोन आला. पाणी घरात शिरलं होतं आणि तिनं आईला स्वयंपाकाच्या कट्ट्यावर बसवलं होतं. मळ्याचा रस्ता बुडालेला. मी बोटीकडे पळालो. चुलतभाऊ तिथं हजर होता, त्यानं आपलं कुलूप काढलं. दुसरी किल्ली समोरच्या गटाच्या पुढाऱ्याकडे, आणि तो ती खिशात घालून फलटणला लेकीकडे गेलेला.

मी हातोडा उचलला, तर चुलतभाऊ पेटीला पाठ लावून उभा राहिला.

"थांब रं. त्यांचा मानूस साक्षीला आल्याबिगर फोडायचं न्हाई. उद्या आळ आमच्यावर यील."

"माझी आई पान्यात बसलीया!"

"मला कळतंय की. बोलावनं धाडलंय."

कळतंय म्हणे! इतका राग मला फौजेत समोरच्या शत्रूचाही आला नव्हता. दंडाला धरून मी त्याला चिखलात लोटलं आणि कोयंड्यावर घाव घालायला लागलो. पत्रा चेपला, कोयंडा वाकला, पण तुटेना. मी माझ्याच हाताला शिव्या देत होतो. अखेर तुटला.

गावातली दोन पोरं घेऊन मी बोटीनं घरी पोचलो तेव्हा पाणी कट्ट्यावरून वाहत होतं. बायकोनं आईला मागून कवळा घालून बसतं धरलं होतं. आईचे ओठ काळेनिळे पडले होते. ती वाचली. पण आधी तिच्या तोंडून दोन-चार शब्द यायचे, मला हाक मारता यायची. त्या दिवसापासून तेही बंद झालं.

पाणी ओसरल्यावर देवळासमोर मीटिंग भरली. बोटीचा गाडाही तिथंच आणून उभा केला होता. विषय एकच, कुलूप फोडलं ते चूक की बरोबर. आई कशी आहे, हे एकानंही विचारलं नाही. शेवटी ठरलं की कोयंडे नवे बसवायचे, आणि आता कुलपं तीन. तिसरी किल्ली सरपंचाकडे.

"कोयंडं तूच बसव गड्या," चुलतभाऊ म्हणाला. "तुझं काम लय पक्कं."

मी दुकानातून ग्राइंडर आणला, देवळातून वायर ओढली. सगळे कौतुकानं बघत उभे राहिले. मी झाकणाच्या बिजागऱ्या कापल्या आणि झाकण उचलून त्यांच्या पायांपुढं आपटलं.

"आरं, आन् कुनी जॅकेटं चोरली तर?" चुलतभाऊ ओरडला.

"चोरू देत," मी म्हणालो. "चोर तरी येळंवर येतोय."