ग्लेनिस झाडो आणि पंधरा फुटी कॅरव्हॅन

ग्लेनिस झाडोने हातात घेतलेलं काम कधी अर्धवट टाकलं नाही, असं लॉक्सटन गावात तिच्याबद्दल बोलत. त्यात कौतुक किती आणि कंटाळा किती, हे बोलणाऱ्यावर असे. फळबागवाल्याच्या पाच मुलींमधली ती तिसरी. पंधराव्या वर्षी शाळा सोडून कॅनव्हासच्या कारखान्यात लागली आणि चौतीस वर्षं एकाच मशीनवर बसली. ट्रकच्या ताडपत्र्या, तंबू, द्राक्षं वाळवायच्या मांडवांचे पडदे, असलं सगळं जाडंभरडं शिवण. सुई दोनदा अंगठ्यातून आरपार गेली. दोन्ही वेळा तिने आधी शिवण पुरी केली आणि मग डॉक्टरकडे गेली.

लग्न केलं ते छत्तिसाव्या वर्षी, मर्व्हिन झाडोशी. मर्व्हिन नदीवरच्या पंपांची देखभाल करायचा. मरे नदीचं पाणी वर चढवून बागांना देणारे ते पंप म्हणजे त्याचा जीव की प्राण. बोलणं कमी, हात सतत तेलकट. त्याची पहिली बायको कोरली ग्लेनिसच्या आधी तीन वर्षं घर सोडून रेनमार्कला निघून गेली होती. पण गावाच्या आठवणीत ती मधली तीन वर्षं कुठल्या कुठे विरघळून गेली आणि ग्लेनिसने संसार मोडला असंच ठरलं. चर्चनंतरच्या चहाला ती आली की बायकांचं बोलणं बारीक व्हायचं. ग्लेनिसने कधी खुलासा केला नाही. ज्यांना तारखा मोजायच्या असतील त्यांनी मोजाव्यात, असं तिचं म्हणणं.

मर्व्हिनच्या शेडमध्ये एक पंधरा फुटी कॅरव्हॅन, गाडीमागे जोडून ओढायचं चाकांवरचं घर, उभी होती. आतून प्लायवूड, बाहेरून अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा. पहिल्या लग्नानंतर वर्षभरात घेतलेली. ग्लेनिसने तिच्यासाठी कॅनव्हासची खोळ शिवली, ती झिजल्यावर दुसरी शिवली, पण सव्वीस वर्षांत आत पाऊल टाकलं नाही. ती दुसऱ्या बाईची जागा होती, आणि ग्लेनिसला दुसऱ्याच्या जागेत शिरायची हौस नव्हती.

निवृत्त झाल्यावर मर्व्हिनने ती कॅरव्हॅन दुरुस्तीला काढली. तो म्हणाला, हिला नीट करू आणि उत्तरेला जाऊ. कॅरव्हॅन पार्कात पैसे भरून रांगेत उभं राहायचं नाही, नदीकाठी, माळावर, कुठेही मोकळ्या जागी उतरायचं. ग्लेनिस बरं म्हणाली. दोन वर्षं तो पत्रे उचकटत होता, रिव्हेट कापत होता, फळ्या सोडवत होता. मग फेब्रुवारीच्या ऐन उन्हाळ्यात, बेचाळीस डिग्रीच्या दुपारी, शेडच्या दारात बसल्या बसल्या गेला.

मागे राहिला तो नुसता ढीग. चाकांवर उघडी लोखंडी चौकट. भिंतीला टेकवलेले पत्रे. खिडक्या जुन्या घोंगड्यांत गुंडाळलेल्या. स्क्रू कॉफीच्या डब्यांत. लाकडाच्या प्रत्येक तुकड्यावर पेन्सिलीने आकडा घातलेला, एकपासून दोनशे चौदापर्यंत. पण कुठला आकडा कुठे बसतो ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. तो नकाशा मर्व्हिनच्या डोक्यात होता.

शेजारचा लेस्टर ओब्स्ट कुंपणाशी येऊन म्हणाला, "भंगारवाल्याला बोलावतो. अर्ध्या दिवसात शेड मोकळी होईल."

"मोकळी करायची नाहीये," ग्लेनिस म्हणाली.

"मग काय, तू बांधणार ही?"

"बघते."

लेस्टरने ही बातमी संध्याकाळच्या आत गावभर पोचवली.

तिने सुरुवात केली ती तंबूची कापणी मांडावी तशी. शेडची फरशी झाडली, तुकडे पसरले, ज्यांच्या कडा गोलाकार होत्या ते पुढच्या-मागच्या टोकांचे म्हणून वेगळे काढले. मागच्या खिडकीखालचं लाकूड हातात घेतलं की त्याचा भुगा होई. तसे एकोणीस तुकडे निघाले. जे शाबूत उरलं त्यावरून माप घेऊन तिने नवे कापले, रंधा मारून बसवले. तीन आठवड्यांत बाहेरच्या भिंतींचा सांगाडा उभा राहिला. आतल्या सामानापाशी मात्र गाडं अडलं. कपाटं, बाकडी, ओटा यांचे एक्केचाळीस तुकडे होते आणि त्यांच्यावरून काही म्हणता काही कळेना. कॅरव्हॅन आतून कशी होती हे पाहिलेली माणसं जगात दोनच होती, आणि त्यांतला एक आता लुथरन चर्चच्या दफनभूमीत होता.

ग्लेनिसने दोन दिवस विचार केला आणि रेनमार्कला फोन लावला.

"मी ग्लेनिस झाडो बोलतेय. लॉक्सटनहून."

कोरली म्हणाली, "आता कोण गेलं?"

"कोणी नाही. कॅरव्हॅनबद्दल विचारायचं होतं. स्वयंपाकाचा ओटा दाराच्या डाव्या हाताला होता का उजव्या?"

"आत शिरताना का बाहेर पडताना?"

ग्लेनिसने हातातल्या पेन्सिलीने कागदावर दार काढलं आणि खोडलं.

"तू राहू दे," कोरली म्हणाली. "फोनवर तुला काही समजायचं नाही. मी गुरुवारी येते."

ती आली गुरुवारी, हातात मेटवुर्स्ट सॉसेज आणि लोणच्यातल्या काकड्यांची बरणी घेऊन. अंगाने भरलेली, केस लालसर रंगवलेले, तोंडाला खंड नाही. सुकामेव्याच्या पॅकिंग शेडमध्ये आयुष्य काढल्यामुळे आवाज मशीनवरून ओरडायचा झालेला. मर्व्हिनच्या अंत्यविधीला ती शेवटच्या बाकावर बसली होती आणि चहा न घेताच निघून गेली होती. त्याआधी सव्वीस वर्षं दोघींनी दुकानात एकमेकींना पाहिलं की ढकलगाड्या वळवल्या होत्या. शेडमध्ये येताच कोरलीने एक तुकडा उचलला, उलटा केला आणि म्हणाली, "हा टेबलाचा पाय. आणि तू त्याला कपाटाच्या फळीला स्क्रू मारून ठेवलायस."

"तुमच्या काळातलं मला कसं माहीत असणार?"

"ती 'तुम्ही' कशाला लावतेस? मी काय तुझी सासू आहे?"

ग्लेनिसने 'तुम्ही' सोडलं नाही. पण तो स्क्रू काढला.

त्यानंतर कोरली आठवड्यातून तीन दिवस यायला लागली. ती सांगे, ग्लेनिस बसवी. कोरलीला हत्यार धरता येत नव्हतं असं नाही, पण बोलताना ती हात थांबवी, आणि ती सतत बोले. मागची खिडकी पहिल्याच हिवाळ्यात गळायला लागली होती, तिने मर्व्हिनला सांगितलं होतं, त्याने खाली वाडगा ठेवला होता. पत्र्यांच्या नव्या जोडांत ग्लेनिसने चिकट पट्टी दोनदा भरली, ती बहुधा त्या वाडग्यामुळेच.

भांडण झालं ते कपड्यांच्या कपाटावरून. मोकळ्या जागी राहायचं तर पाणी, वीज, संडास सगळं आपलं आपल्याबरोबर न्यावं लागतं. ग्लेनिसला ते कपाट काढून तिथे बॅटऱ्या आणि संडासाची पेटी बसवायची होती. कोरलीचं म्हणणं, होती तशी करायची तर तशीच करा.

"ते कपाट मी निवडलं होतं. ही माझी होती."

"तुमची होती तेव्हा तुम्ही सोडून गेलात," ग्लेनिस म्हणाली.

कोरलीने पटाशी खाली ठेवली, नळावर हात धुतले आणि गाडी काढून निघून गेली. पुढच्या आठवड्यात ती आली नाही. ग्लेनिसने कपाट काढलं नाही आणि बसवलंही नाही. आठव्या दिवशी तिने खिडकीची एक कडी खिशात टाकली आणि रेनमार्क गाठलं. कोरली मागच्या व्हरांड्यात क्विन्सची फळं सोलत बसली होती.

"ही कुठली कडी?" ग्लेनिसने विचारलं.

"तुला माहितेय कुठली ते." कोरलीने मान वर केली नाही. "बस."

ग्लेनिस बसली. हातातलं फळ सोलून झाल्यावर कोरली म्हणाली, "बारा वर्षं ती कॅरव्हॅन माझ्या दारात होती. आम्ही किती रात्री झोपलो असू तिच्यात, सांग बघू."

ग्लेनिसने मनाशी अंदाज केला. हा अंदाज ती सव्वीस वर्षं करत आली होती. "दोनशे?"

"चार."

चार घरांना ऐकू जावं अशा आवाजात बोलणारी ती बाई आता हळू बोलत होती. कूराँगच्या किनाऱ्याला गेलो होतो, तिने सांगितलं. आठ दिवसांसाठी. चौथ्या रात्री मर्व्हिन उठून बसला, दोन नंबरच्या पंपाचं बेअरिंग तापत असणार म्हणाला. कोणी कळवलं नव्हतं, त्याला आपलं वाटलं. पहाटे सामान आवरून परत. पंपाला काही झालेलं नव्हतं. त्यानंतर दर ईस्टरला तो कॅरव्हॅन धुवायचा, टायरात हवा भरायचा, आणि मग काहीतरी निघायचं. बारा वर्षं असं चाललं. "त्याचा राग नाही मला. वाईट माणूस नव्हता. पण मी त्या पंपांशी नव्हतं ना लग्न केलं."

ग्लेनिसला हलकं वाटलं नाही. एखादी लांबलचक शिवण पुरी झाल्यावर कापड उलटं धरलं होतं हे कळावं, तसं वाटलं. आता उसवायची तरी कुठून.

"मला म्हणाला होता उत्तरेला जाऊ," ती म्हणाली.

"आणि मग सगळी सुटी करून ठेवली," कोरली म्हणाली. "सुटी केली की जायला नको."

ग्लेनिसने दुसरा चाकू घेतला आणि उरलेली क्विन्स सोलायला लागली. निघताना म्हणाली, "गुरुवारी येतेस ना?"

"कपाट काढून टाक," कोरली म्हणाली. "त्याचं दार नाहीतरी लागायचंच नाही."

जुलैत काम पुरं झालं. गळती बघायला ग्लेनिस बाहेरून नळीने पाणी मारी आणि कोरली आत बॅटरीचा टॉर्च घेऊन बसे. एका ठिकाणी गळलं, ते बुजवलं, पुन्हा मारलं. नोंदणीच्या तपासनिसाने गाडी परत पाठवली, कारण चौकटीवरचा नंबर दिसत नव्हता. दोघींनी गाडीला जोडायच्या दांड्यावरचे रंगाचे तीन थर खरवडले तेव्हा नंबर सापडला, पण त्यातला एक आकडा आठ का तीन ते कळेना. कोरलीने भिंग आणलं. आठ निघाला. ग्लेनिसला कॅरव्हॅन जोडलेली गाडी मागे घेता येत नव्हती, म्हणून ती रविवारी धान्याच्या सायलोच्या आवारात संत्र्याच्या रिकाम्या पेट्या मांडून सराव करायची. लेस्टर मुद्दाम बघायला यायचा. त्याने चिरडलेल्या पेट्या मोजून अकरा हा आकडा गावात सांगितला. बाराव्या पेटीनंतर एकही पेटी चिरडली नाही, आणि त्याला सांगण्यासारखं काही उरलं नाही.

कोरलीला चल म्हणून कोणी म्हटलं नाही, आणि तिनेही विचारलं नाही. निघायच्या दिवशी ती उशी घेऊन हजर झाली. पहिली फेरी फ्लिंडर्सच्या डोंगरांकडची. तिसऱ्या दिवशी पाऊस लागला आणि तांबड्या चिखलात चाकं रुतली. दोघी दोन दिवस आतच बसून राहिल्या. कॅरव्हॅन गळली नाही, पण पंधरा फुटांत दोन बायका मावत नाहीत हे नीट कळलं. कोरली झोपेत घोरे आणि जागेपणी बोले. दिवसभर रेडिओवर फुटबॉलच्या मॅचचं समालोचन ऐकून तिने बॅटरी पार उतरवली. ग्लेनिस तीन-तीनदा ओटा पुसे, आणि कोरलीच्या मते तो पहिल्या वेळीच स्वच्छ झालेला असे.

"आपण परत जाऊया का?" ग्लेनिसने विचारलं.

"मी एकदा चौथ्या दिवशी परत गेलेय," कोरली म्हणाली. "आता नाही जायची."

घरी आल्यावर ग्लेनिसने मशीनवरची धूळ झटकली आणि कॅरव्हॅनच्या अंगाला लागून उभी राहील अशी कॅनव्हासची खोली शिवली. जमिनीला पक्की, वरून झडप, आत एक खाट. दुसऱ्या वर्षापासून कोरली तिच्यात झोपायची, आणि रेडिओही तिथेच. त्यानंतर दोघींचं ठीक चाललं.

असे सहा हिवाळे गेले. कोरड्या नदीपात्रांच्या कडेला, जुन्या रेल्वे स्टेशनांच्या आवारात, गुरांच्या पाणवठ्यांजवळ. आजूबाजूला उतरलेली माणसं शेकोटीशी यायची आणि कुणीतरी विचारायचंच, बहिणी का तुम्ही? कोरलीचं उत्तर ठरलेलं असे. "नाही. आमचा नवरा एकच." मग समोरच्याचा चेहरा पाहून ती पुढे जोडी, "एकाच वेळी नाही हो, पाळीपाळीने." ग्लेनिस पहिल्या वर्षी उठून आत जायची. तिसऱ्या वर्षी ती किटली ठेवायला लागली, कारण यानंतर माणसं हमखास चहाला थांबत.

सातव्या वर्षी कोरलीच्या कमरेचं हाड मोडलं. आपल्याच अंगणात, नळीत पाय अडकून. बरं झालं, पण पूर्वीसारखं नाही, आणि मूलबाळ नसल्याने ती बेरी गावच्या वृद्धाश्रमात राहायला गेली. कागदांवर जवळचं माणूस म्हणून तिने ग्लेनिसचं नाव घातलं. नातं कोणतं, असं तिथल्या बाईने विचारलं, तेव्हा कोरलीने ते सविस्तर सांगितलं. शेवटी त्या बाईने रकान्यात 'मैत्रीण' लिहिलं.

ग्लेनिस आता एकटी जाते. सत्तरी ओलांडलीय. कॅनव्हासची खोली बरोबर नेते पण उभी करत नाही. गेल्या हिवाळ्यात ती नऊ रात्री एका सुकलेल्या तळ्याकाठी राहिली. तिथे माणूस नव्हतं. सकाळी ती थंडीत उठून गॅस पेटवी, चहा करी, दार उघडं ठेवून पायरीवर बसे. पक्षी येत, जात. तिला एकटं वाटलं का, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. करायला काम असे आणि ते ती करी. दहाव्या दिवशी पाण्याची टाकी रिकामी झाली म्हणून निघाली.

येताना ती बेरीला थांबली. कोरली खिडकीशी खुर्चीत बसली होती.

"रस्ता कसा होता?" कोरलीने विचारलं.

"खराब."

"माणसं?"

"कोणी नव्हतं."

"मग बोललीस कुणाशी?"

"नाही बोलले."

"बरं झालं," कोरली म्हणाली, "तुला बरं वाटलं असेल." आणि मग तिने वृद्धाश्रमातलं जेवण, शेजारच्या खोलीतली बाई आणि शनिवारची मॅच, असं सगळं पहिल्यापासून सांगायला घेतलं. ग्लेनिसने कोट काढून खुर्चीच्या पाठीला अडकवला आणि ऐकत बसली.