रंगूभाऊ आणि रिकामी खाच

रंगूभाऊ कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड काढायचे, शर्टाच्या बाहीला पुसायचे, कपाळाला लावायचे आणि लॅपटॉपच्या कडेला असलेल्या खाचेत सरकवायचे. एवढं झालं की पडद्याकडे पाठ करून गणपतीच्या देवळाच्या कळसाकडे बघत उभे राहायचे. मी पडद्याला डोळे लावून बसले तर मला दटावायचे.

"तिकडं बघू नका ताई. आपण टक लावली की ते लाजतं. येऊ द्या त्याला त्याच्या त्याच्यानं."

ते लाजत वगैरे काही नव्हतं. ते येतच नव्हतं. हे मलाही ठाऊक होतं आणि त्यांनाही, पण कळसाकडे बघणं काही सुटलं नाही.

राजूरला मंदिराच्या चढावर त्यांचा फोटो स्टुडिओ होता आणि त्याला लागून माझा कॉम्प्युटर क्लास. मध्ये एक पत्र्याची भिंत. चतुर्थीला गर्दी इतकी की माझ्या क्लासला आपोआप सुट्टी, आणि रंगूभाऊंची सुगी. त्यांचं मुख्य काम म्हणजे तुलेचे फोटो. नवसाचं लेकरू तराजूच्या एका पारड्यात बसवायचं, दुसऱ्या पारड्यात गुळाच्या भेल्या रचायच्या, काटा सरळ झाला की नवस फिटला. गूळ तिथेच वाटून टाकायचा. काटा सरळ असतो तो क्षणभर. तेवढ्यात फोटो काढायचा आणि मंडळी जेवून बसच्या वाटेला लागेपर्यंत छापून हातात द्यायचा, असा त्यांचा नेम होता. "घरी गेल्यावर पाठवतो म्हणणारा फोटोग्राफर आणि उद्या येतो म्हणणारा प्लंबर एकच," असं ते म्हणायचे.

डिजिटल कॅमेरा आणि जुना लॅपटॉप घेतल्यावर हे काम सोपं झालं. कार्ड खाचेत घातलं की फोटो पडद्यावर. पण लोक आपापल्या कॅमेऱ्यांची कार्डंही घेऊन यायचे, आणि त्यांच्यासोबत व्हायरस यायचे. लॅपटॉप दर महिन्याला आजारी. शेवटी मी त्यावर लिनक्स नावाची वेगळी ऑपरेटिंग सिस्टीम टाकून दिली. व्हायरस गेले. त्यांच्याबरोबर खाचही गेली. कार्ड आत जायचं, पण पडद्यावर काहीच दिसायचं नाही.

"तुमच्या बदकाला कार्ड गिळता येईना," रंगूभाऊ म्हणाले. लिनक्सच्या चित्रातला तो पक्षी बदक नाही, पेंग्विन आहे, हे मी त्यांना कितीदा तरी सांगितलं. ते मान डोलवायचे आणि पुढच्या वाक्यात पुन्हा बदक म्हणायचे.

मग त्यांनी जालन्याहून वायरचा एक कार्ड रीडर मागवला. तो लॅपटॉपला लोंबायचा आणि छान चालायचा. एका अंगारकीला मात्र स्टुडिओत पाय ठेवायला जागा नव्हती. वाटूरकडच्या एका कुटुंबाची तुला नुकतीच झाली होती. सुनेला फार वर्षांनी झालेलं मूल, सासूने बोललेला नवस. त्यांचे फोटो उतरवून घेत असतानाच कुणाचा तरी पाय वायरीत अडकला. रीडर फरशीवर आपटून फुटला. कार्ड दिसायला धडधाकट होतं, पण कॅमेराही ते उघडेना. सगळे फोटो गेले.

मंडळी रिकाम्या हाताने बसच्या वाटेला लागली. रंगूभाऊंना ते सहनच होईना. आठ-पंधरा दिवसांनी ते कॅमेरा घेऊन त्यांच्या गावी गेले आणि म्हणाले, गूळ मी आणतो, फोटोपुरती पुन्हा तुला करू. म्हातारीने त्यांना ओट्यावरूनच परत पाठवलं.

"म्हातारी काय म्हणली माहिताय?" ते मला सांगत होते. "म्हणली, नवस फिटला आमचा. देवाला दुसऱ्यांदा द्यायला तो काय भिकारी हाय का? बराबर बोलली. मीच येडा. कॅमेरा घेऊन गेल्तो, डोकं इथंच ठिवून गेल्तो."

त्या दिवसापासून ते कार्ड अंगाऱ्याच्या पुडीत बांधून त्यांच्या खिशात राहू लागलं. जालन्याच्या दुकानदाराने ते बघून फॉरमॅट करायचं का, असं विचारलं. रंगूभाऊंनी त्याच्या हातातून कार्ड ओढून घेतलं आणि चहा न पिता परत आले. चहा न पिणं हा त्यांच्या लेखी मोठा निषेध होता.

"फोटो आतमधीच हाय ताई," ते म्हणायचे. "दिसून न्हाई राह्यला, एवढंच."

दुसरा वायरचा रीडर आणा, त्यात लावून बघू, असं मी म्हटलं की त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं. "जे लोंबून राह्यलंय त्याच्यावर माझा भरोसा न्हाई. मशीनला खाच हाय, खाचेचे पैसे घेतलेत. मंग घराला दार असून मी खिडकीतून का शिरू?" मी वैतागायचे. बाकीचे फोटो ते कॅमेऱ्यालाच वायर लावून उतरवायचे, तेही दुकानाचं शटर अर्धं ओढून, म्हणजे कुणाचा पाय नको. पण ते एक कार्ड खाचेतूनच उघडायचं, हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं.

म्हणून मी खाचेच्या मागे लागले. लिनक्समध्ये एक आज्ञा दिली की मशीनच्या पोटात काय काय बसवलंय त्याची यादी येते. त्या यादीत कार्ड रीडरचं नावच नव्हतं. जी वस्तूच दिसत नाही तिला ड्रायव्हर काय लावणार? नवी आवृत्ती टाकली, जुनी टाकली, लोकांनी इंटरनेटवर सांगितलेली मॉड्यूलं, म्हणजे ड्रायव्हरसारखे छोटे प्रोग्राम, एकेक चढवून बघितली. प्रत्येक वेळी मी लॅपटॉप चालू करायचे, रंगूभाऊ कार्ड कपाळाला लावून आत घालायचे, कळसाकडे बघायचे, आणि काहीच व्हायचं नाही. शेवटी मी सांगून टाकलं, "भाऊ, खाच मेली आहे."

"मेली न्हाई. झोपली असंल," रंगूभाऊ म्हणाले.

चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी राजूर नेहमी सुस्तावलेलं असतं. तशा एका दुपारी मी लॅपटॉप चालू करायला बटणाकडे हात नेला आणि रंगूभाऊंनी मला थांबवलं. त्यांच्या घरी नातीचं बारसं होतं, पाळणा आणून ठेवला होता, आणि कुणीतरी तो रिकामाच हलवला म्हणून बायको सकाळी सगळ्यांवर खेकसली होती. तेच त्यांच्या डोक्यात असावं.

"ताई, तुम्ही रोज खाच रिकामी ठिवून मशीन चालू करून राह्यले. रिकामा पाळणा हलवत न्हाईत, रिकामं जातं फिरवत न्हाईत. आधी आत कायतरी घाला."

मी म्हटलं, भाऊ, हे यंत्र आहे. ते म्हणाले, जातंबी यंत्रच हाय. वाद घालायचं माझ्यात त्राण नव्हतं. त्यांनी पुडी सोडली, कार्ड पुसलं, कपाळाला लावलं, खाचेत घातलं, मग बटण दाबलं आणि कळसाकडे वळले. मीही त्या दिवशी कंटाळून बाहेरच बघत होते. वळले तर पडद्याच्या कोपऱ्यात खाचेचं चित्र आलं होतं. यादी काढली. रीडरचं नाव सगळ्यात खाली, जसं काही कायमचं तिथेच होतं.

कारण मला नंतर जालन्याच्या सायबर कॅफेत सापडलं. खाच रिकामी असली की वीज वाचवायला ती स्वतःच बंद होते, आणि मशीन एकदा सुरू झालं की मागून आलेल्या कार्डाकडे त्याचं लक्षच जात नाही. उपायही सापडला. मशीनला सतत लक्ष ठेवायला लावणारं एक मॉड्यूल जबरदस्तीने चढवायचं आणि ती ओळ कायमची एका फाइलीत लिहून ठेवायची. "जबरदस्ती कशाला? समजावून सांगा की," असं रंगूभाऊ म्हणाले. मी म्हटलं, ते तेवढंच समजतं. ओळ लिहिल्यावर कार्ड केव्हाही घातलं तरी दिसायला लागलं, पण रंगूभाऊंनी खाच रिकामी ठेवून मशीन कधीच चालू केलं नाही. "झोपली असंल म्हणलं होतं ना मी," हे मात्र त्यांनी अख्ख्या चढाला सांगितलं. मला त्याचा राग यायचा, कारण ते खरं होतं.

पण त्या दुपारी एवढं काही माहीत नव्हतं. खाच दिसत होती, कार्ड दिसत होतं, आतलं उघडत नव्हतं. मी हरवलेल्या फाइली हुडकणारा प्रोग्राम लावला. तो संध्याकाळपर्यंत चालला. रंगूभाऊ उभ्याने कळसाकडे बघत राहिले. गिऱ्हाईक आलं तरी वळले नाहीत.

तुकडे मिळाले बरेच. धड म्हणावा असा एकच फोटो होता, तोही अर्धा. वर तराजूची दांडी, तिचा सरळ काटा, दोन्ही बाजूंच्या साखळ्या, पोराचं हनुवटीपर्यंतचं तोंड आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवून उभी म्हातारी. त्याखाली सगळं राखाडी. पारडं नाही, गूळ नाही.

रंगूभाऊंनी चष्मा पुसून बराच वेळ बघितलं.

"गूळ न्हाई दिसून राह्यला."

"गूळ गेला, भाऊ."

"जाऊ द्या. गूळ तं लोकांनी तवाच खाल्ला."

मला रडू आलं. त्यांनी ते बघितलं आणि शेजारच्या टपरीवर दोन चहा सांगितले.

फोटो छापून ते दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने त्या गावी गेले. परत आले ते थेट माझ्याकडे. चढ चढून आले, माझ्या क्लासच्या बाकावर बसले आणि पाणी मागितलं.

"म्हातारी गेली ताई. संक्रांतीच्या आधी. ती कॅमेऱ्यासमोर कधी उभीच न्हाई राह्यली, सून सांगत होती. घरात तिचा एक फोटो न्हाई. त्या दिवशी पोरगं रडू नये म्हणून जवळ उभी राह्यली, तेवढंच." त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "मी म्हणलं, खालचं राखाडी कापून देतो, चांगलं दिसंल. सून म्हणली, कापू नका. बराबर हाय. तशीच चौकट केली त्यांनी."

त्यानंतर त्यांनी अंगाऱ्याची पुडी सोडून अंगारा तुळशीत टाकला आणि कार्ड लॅपटॉपच्या खाचेतच राहू दिलं. खाच रिकामी नको म्हणून.

पुढे लोकांच्या हातात कॅमेऱ्याचे मोबाइल आले. तुलेचा काटा सरळ व्हायच्या आत दहाजण फोटो काढायला लागले. रंगूभाऊंनी कुरकुर न करता स्टुडिओ आवरला आणि नातीला शाळेत पोचवायचं काम धरलं. एका उन्हाळ्यात झोपेतच गेले. मला त्यांची फार आठवण येते, विशेषतः चतुर्थीला, पत्र्याच्या भिंतीपलीकडे आवाज नसतो तेव्हा.

दिवसकार्य झाल्यावर त्यांच्या बायकोने, वहिनींनी, लॅपटॉप माझ्याकडे आणून दिला. मी तो पुसला, खाचेतलं कार्ड काढून बाजूला ठेवलं आणि लिनक्सची नवी आवृत्ती टाकली. कुठलं मॉड्यूल चढवलं नाही, कुठल्या फाइलीत ओळ लिहिली नाही. रिकाम्या खाचेनेच मशीन चालू केलं. मग कार्ड बाहीला पुसलं, कपाळाला लावलं, आत सरकवलं आणि सवयीने कळसाकडे वळले.

वळतेय तोवर पडद्यावर ते आलंसुद्धा. नव्या आवृत्तीचं खाचेवर आपोआपच लक्ष होतं, कुणी थांबायची गरजच नव्हती. मला ते अजिबात आवडलं नाही.