मामांच्या व्हॅनला लागलेली उचकी

आमच्या हिच्या मामांइतका रंगवेडा माणूस अख्ख्या पेणमध्ये सापडायचा नाही, आणि पेणमध्ये रंगवेड्यांचा तोटा आहे असं कुणीही म्हणणार नाही. गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे आखण्यात त्यांचा जन्म गेला. पण मूर्ती संपल्या तरी हात थांबत नाही. शेगडीचे पाय, देवघरातला चौरंग, भाच्यांच्या सायकली, सगळ्यांवरून त्यांचा ब्रश फिरलेला आहे. एकदा ते आमच्याकडे मुक्कामाला होते, तर सकाळी उठून बघतो तो दाराच्या कडीला सोनेरी रंग. खरं सांगायचं तर कडी झकास दिसत होती.

अशा माणसाच्या जुन्या व्हॅनला मागच्या वर्षी उचक्या लागल्या. चालता चालता इंजिन मध्येच गचकायचं, ॲक्सिलरेटर दाबला तरी क्षणभर ओढ घ्यायचं नाही, आणि मग काही झालंच नाही अशा थाटात पळायचं. मामांचं निदान तयार होतं. "आक्का आठवण काढते," ते शांतपणे म्हणत. आक्का म्हणजे रोह्याला राहणारी त्यांची थोरली बहीण, माझ्या सासूबाई. गॅरेजात नेली की ही व्हॅन शहाण्या बाळासारखी वागायची, त्यामुळे मेकॅनिकलाही या निदानापलीकडे दुसरं काही सुचेना.

आक्कांचा गणपती दर वर्षी मामा स्वतः रंगवतात आणि स्वतः नेऊन पोचवतात. गेल्या खेपेला मूर्तीसकट व्हॅन गडब गावाजवळ हायवेवर गचकली आणि मागचा ट्रक जेमतेम थांबला. हे कानावर गेल्यापासून आक्कांचा जीव थाऱ्यावर नव्हता. यंदा सण जवळ आला तशी त्यांनी फोनवर ठणकावलं, की गाडी धड झाली नाय तर मूर्ती इथलीच घेईन, मला आधी भाऊ पायजे. मामांनी फोन ठेवला आणि दिवसभर ब्रशला हात लावला नाही. तेव्हा मात्र मी घाबरलो.

मी त्यांना घेऊन पुन्हा गॅरेज गाठलं. या वेळी मेकॅनिकने इंजिन चालू ठेवून एकेक वायर हाताने हलवून पाहिली. बराच वेळ काहीच नाही. मग पेट्रोल किती सोडायचं ते इंजिनाला सांगणाऱ्या सेन्सरच्या प्लगला बोट लागलं, आणि इंजिन गचकलं. पुन्हा हलवला, पुन्हा गचकलं. त्याने प्लग सोडवला, आत पाहिलं आणि माझ्यासमोर धरला. आतल्या बारीक पिनांवर अतिशय नाजूक हाताने सोनेरी रंग दिलेला होता. त्या रंगामुळे करंट कधी पोचत होता, कधी अडत होता.

"गंज दिसला, म्हणून दिला," मामा म्हणाले.

मी विचारलं, आत कोण बघायला येणार होतं?

"मूर्तीची पाठ तरी कोण बघतो? ती काय कोरी सोडायची?"

मेकॅनिक हसला, मी हसलो, आणि बऱ्याच दिवसांनी मामाही हसले. नवा प्लग बसला.

हरतालिकेच्या दिवशी आम्ही निघालो. मूर्तीचं तोंड रुमालाने झाकलेलं, मी मागे तिला धरून बसलेलो. गडब गेलं, नागोठणं गेलं, एक उचकी नाही. माझा जीव भांड्यात पडला. मामांचा चेहरा मात्र उतरत चालला होता. रोह्याला आक्का दारातच उभ्या होत्या. त्यांनी भावावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि म्हणाल्या, "सकाळपासून आठवण काढतेय रे तुझी."

मामांनी मागे वळून व्हॅनकडे पाहिलं. घरच्या माणसाने निरोप दडवावा, तसं त्यांना वाटलं असावं. मलाही उगीचच वाईट वाटलं. व्हॅन आता सुरेख चालते. फक्त संध्याकाळ झाली की मामा रोह्याला फोन लावतात आणि एवढंच विचारतात, "आक्का, आज आठवण काढलीस काय गो? गाडी आता सांगत नाय."