सगळं ठीक आहे, असं लॅपटॉप म्हणाला

मी घरी गणिताच्या शिकवण्या घेते. पाचवी ते सातवीची मुलं, संध्याकाळी, लॅपटॉपवर. थोडी नाशिकची, बाकीची कळवण-सटाण्याकडची. लॅपटॉप बेडरूममध्ये, कपाटासमोर, कारण आमच्या फ्लॅटमध्ये दुसरी जागाच नाही. दिवसभर मी गाऊनवर असते. क्लासला पाच मिनिटं उरली की गाऊन काढायचा, ड्रेस अडकवायचा, केसांवरून कंगवा फिरवायचा आणि बसायचं. गाऊनवर ओढणी घेऊनही भागलं असतं, पण पोरांच्या आया मागून डोकावतात. हे सगळं उघड्या लॅपटॉपसमोर चालायचं आणि इतक्या वर्षांत मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

मेल आला तेव्हा नवरा पहिल्या शिफ्टला सातपूरला गेला होता. मेल इंग्रजी होता, पण कळायला अवघड नव्हता. तुझ्या कॉम्प्युटरमध्ये मी शिरलोय, तुझ्या कॅमेऱ्यातून तुला कपड्यांशिवाय पाहिलंय, व्हिडिओ माझ्याकडे आहे. उद्या रात्री आठपर्यंत पैसे पाठव, नाहीतर तुझ्या मेलमधल्या सगळ्यांना तो जाईल. एरवी मी असल्या मेलला भीक घातली नसती. पण पहिल्याच ओळीत माझा पासवर्ड होता. माहेरच्या गाईचं नाव आणि पुढे एकदोनतीन. मळ्यातली ती गाय जाऊनही वर्षं झाली, आमच्या घराबाहेर तिचं नाव कुणाला ठाऊक असणार?

माझ्या मेलमधले सगळे म्हणजे मुलांचे आईबाप. दर महिन्याला त्यांना मुलांच्या प्रगतीचा मेल जातो. त्याच मेलवर हे गेलं तर? आपलं पोर या बाईकडे बसवायचं, असं एकाही घरात कुणी म्हणालं नसतं. आणि शिकवणी गेली तर जाऊ दे मेली, पण भाजी आणायला खाली कुठल्या तोंडानं उतरायचं? मी टिकल्यांच्या पाकिटातली सगळ्यात मोठी टिकली काढून कॅमेऱ्यावर चिकटवली. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय.

अँटीव्हायरसची मुदत उन्हाळ्यातच संपली होती. मी म्हटलं होतं, भरून टाकू. नवरा म्हणाला, हल्ली लॅपटॉपमध्ये ते आधीपासूनच असतं, फुकट, हे दुकानवाले उगाच घाबरवतात. त्या सकाळी मी त्याला मनातल्या मनात काय काय म्हणाले ते लिहिण्यासारखं नाही. पण त्याला फोन मात्र केला नाही. तो वाईट माणूस नाही. तरी त्याचा पहिला प्रश्न काय असेल ते मला पाठ होतं. तू तिथं कपडे बदलायचीसच कशाला?

मग लॅपटॉप पिशवीत घालून मी कॉलेज रोडच्या दुकानात गेले आणि सांगितलं, हळू चालतोय. खरं कसं सांगणार? दुकानदारानं नवीन अँटीव्हायरस टाकलं आणि तपासणी लावली. स्क्रीनवरून फायलींची नावं भराभर पळत होती आणि मी स्टुलावर बसून ती वाचायची धडपड करत होते. काहीतरी सापडावं असं वाटत होतं, म्हणजे ते काढून तरी टाकता येईल. आणि सापडूच नये असंही वाटत होतं, कारण सापडलं तर पहिल्यांदा हा बघणार. शेवटी हिरवी खूण आली. सगळं ठीक आहे. पैसे घेऊन झाल्यावर तो म्हणाला, ताई, आतलं होतं तेही तुम्हाला पुरलं असतं, फक्त अपडेट करत जा. मेल्या, हे आधी सांगायला तुझी जीभ झडली होती का? पण मी नुसती मान हलवली. माझा पासवर्ड त्या माणसाला कसा कळला, एवढं एकच मला विचारायचं होतं आणि तेच विचारता येत नव्हतं.

त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. नवऱ्यानं विचारलं तर पित्त झालंय म्हटलं. हिरव्या खुणेवर माझा काडीचा विश्वास नव्हता. आता काही नाही म्हणे, पण तो येऊन घेऊन गेला असेल तर?

दुसऱ्या दिवशी क्लास घ्यावाच लागला. कॅमेरा लावायचा म्हणजे टिकली काढायची. ड्रेस मी बाथरूममध्ये घालून आले होते. समोर पोरांचे चेहरे आले, आणि मी अपूर्णांक शिकवता शिकवता त्यांच्या मागं उभ्या असलेल्या आयांचे चेहरे वाचत राहिले. एक आई पोराच्या कानात काही बोलली आणि मी छेदाच्या जागी अंश लिहून बसले. सटाण्याचा एक मुलगा, कधी न चुकणारा, आलाच नव्हता. त्याच्या घरी व्हिडिओ पोचला, असंच मी धरून चालले.

क्लास संपला आणि त्याच मुलाच्या आईचा फोन आला. आठ वाजायला अजून थोडा वेळ होता.

"मॅडम, एकट्याच हाय ना तुम्ही?" आवाज अगदी दबका. "एक विचारायचंय. कुनाला बोलू नका."

मी बेडरूमचं दार लोटून पलंगावर बसले.

पण ती बोलत होती ते तिच्याबद्दल. तिला दुपारी मेल आला होता. मोबाइलवर त्याचं मराठी करून तिनं वाचला होता. वाचून दाखवू लागली तर शब्द न् शब्द तोच. वर तिचा पासवर्डही होता. मालक कांद्याच्या गाडीबरोबर गेलेले, ते यायच्या आत काहीतरी करायला हवं होतं. अँटीव्हायरस टाकला तर जाईल का हे, असं तिनं तीनतीनदा विचारलं. घरात कळलं तर माझं काय खरं नाय, म्हणाली आणि रडायला लागली.

मी विचारलं, कॉम्प्युटर कुठला? कांद्याच्या बिलांचा, जुना, टेबलावरचा. भीतीनं तिनं त्याची वायर उपटून वर चादर टाकली होती, आणि पोराला क्लासला मोबाइलही दिला नव्हता.

"त्याला कॅमेरा आहे का?"

पलीकडे चादर ओढल्याचा आवाज आला.

"नाय," ती म्हणाली. "मॅडम, याला कॅमेराच नाय."

आणि ती हसायला लागली, रडता रडताच. मग मला पेपरात कधीतरी वाचलेलं आठवलं आणि मी तिला सांगितलं, कुठल्या तरी वेबसाइटवरून आपले जुने पासवर्ड चोरीला जातात, हे लोक लाखो जणांना एकच मेल टाकतात, घाबरेल तो पैसे देतो. बोलता बोलता ते माझं मलाच उमगत होतं. पासवर्ड बदला, म्हटलं, उत्तर देऊ नका. तिनं लय उपकार झाले म्हटलं. तेवढ्यावर फोन ठेवता आला असता.

"पन तुमाला कसं एवढं माहीत?"

मी घड्याळाकडे पाहिलं. "मलाही आलाय. अगदी हाच. माझी मुदत आज आठची आहे."

आता ही सगळीकडे सांगणार, असं माझ्या मनात येऊन गेलं.

"तुमच्याला तर कॅमेरा हाय," ती हळूच म्हणाली. "आमी रोज बघतो ना तुमाला."

"हो."

सगळी थाप आहे, असं मीच तिला आत्ता पटवून दिलं होतं. तरी मी टिकली परत कॅमेऱ्यावर चिकटवली.

"मग फोन ठेवू नका," ती म्हणाली. "आठ वाजून जाऊ द्या. मी हाय."